गाडीची झूल

"उस्ताद कुठायत?" हा प्रश्न त्या वर्षात मी जितक्या वेळा ऐकला, तितक्या वेळा देवाचं नावसुद्धा घेतलं नसेल.

मानवतला मोंढ्याच्या रस्त्यावर आमचं हूड-सीटचं दुकान आहे. ट्रॅक्टरला हूड, जीपला सीट, रिक्षाला पडदे. आमचे हे माप घ्यायचे, कापायचे, ठोकायचे, आणि मी मागच्या बाजूला मशीनवर बसून शिवायची. सव्वीस वर्षं हे असंच चाललं. गिऱ्हाईक यांना उस्ताद म्हणायचं आणि मला काहीच म्हणायचं नाही. शिलाई उसवली तर मात्र बरोबर माझी आठवण व्हायची!

मग यांचे डोळे गेले. एकदम नाही गेले. काचबिंदू होता, डॉक्टरीणबाई थेंब देत होत्या, आणि हे "आज टाकतो, उद्या टाकतो" करत बाटली खिडकीत ठेवून विसरत होते. मी ओरडून ओरडून बेजार झाले. शेवटी नजर एवढी आखडली की समोरचा माणूस तेवढा धूसर दिसायचा, बाजूचं काहीच नाही. टेपवरचे आकडे तर कधीच गेले होते. गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. 

तरी रोज दुकानात येऊन रस्त्याकडं तोंड करून खुर्चीवर बसायचे. गिऱ्हाईक यायचं, "उस्ताद कुठायत?" विचारायचं, यांना टेबल चाचपडताना बघायचं आणि "बरं, येतो नंतर" म्हणून निघून जायचं. मी तिथंच उभी असायची, गळ्यात टेप अडकवून. मी काय खांब होते? माझ्या वाट्याला पिशव्या, उशा आणि कूलरची कव्हरं यायची. हूडचं दुकान हळूहळू पिशव्यांचं दुकान व्हायला लागलं होतं. ते मला सहन होत नव्हतं, आणि यांना तर त्याहून नव्हतं.

अशात उन्हाळ्यातल्या एका सोमवारी डॉक्टरीणबाई स्वतः दुकानात आल्या. यांचे डोळे बघणाऱ्या त्याच. म्हणाल्या, "वहिनी, माझ्या गाडीच्या आतलं काम आहे. उस्तादांनाही घेऊन चला."

मला वाटलं, त्यांच्या दवाखान्यापुढं उभी असते ती मोठी पांढरी गाडी. पण बाई आम्हाला घेऊन गेल्या बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात. तिथं चादरीखाली जे होतं ते बघून मी म्हणलं, अगं बाई, हे काय! माझ्या कमरेएवढी उंच, दोघंच बसतील एवढी, वर छप्पर नाही. अंग फायबरचं, आत नळ्यांचा सांगाडा. अशी गाडी तयार मिळत नाही म्हणे. पेट्यांमधून भाग येतात आणि आपले आपण जोडायचे. बाईंनी दर रविवारी दवाखाना बंद ठेवून सात वर्षं ती जोडली होती. जिनिंगच्या आवारात, जिथं कधीकाळी कापसाच्या गाड्या उभ्या राहायच्या, तिथंच त्या ती चालवायच्या. चपला बाहेर काढून आत पाय ठेवायच्या, देवघरात ठेवावा तसा.

"हिचं सगळं हलकेपणात आहे," बाई म्हणाल्या. "इंजिन छोटं आहे, पण अंगात वजन नाही म्हणून पळते."

आतली चार पॅनल खराब झाली होती. दोन दारांची, दोन पायांशेजारच्या बाजूंची. ती जाड पुठ्ठ्यासारख्या हार्डबोर्डाची होती. पावसाळ्यात फुगली आणि आपल्या परभणीच्या उन्हात पापडासारखी वाकडी झाली. बाईंनी कंपनीकडून नवीन मागवली होती. आमचं काम एवढंच होतं: त्यांच्यावर रेक्झीन चढवायचं आणि बसवायची.

पण ती बसेनात. डाव्या दाराला बोटभर फट राहायची आणि उजव्या दाराचं पॅनल चौकटीवर चढायचं. कंपनीचा दोष नव्हता. फायबरचं अंग हाताने ओतलेलं, त्यात नळ्या बाईंनी स्वतः जोडलेल्या, आणि पॅनल मात्र एका साच्यातली. बाईंचा चेहरा पडला. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या. पुण्याला एक जण असलं काम करतो. शनिवारी ट्रक सांगते, गाडीच पाठवून देते."

पुण्याला होतं आणि मानवतला होत नाही, असं कुणी म्हणलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. मी ताडकन बोलून बसले, "पुण्याला कशाला? आमी करतो की!"

बाईंनी यांच्याकडं बघितलं. हे गाडीच्या काठावर हात ठेवून उभे होते. तसेच म्हणाले, "करू. चांगलं मजबूत करू."

"शुक्रवारपर्यंत बघा," बाई म्हणाल्या. "नाही जमलं तर मनाला लावून घेऊ नका. शनिवारी ट्रक आहेच."

दुकानात परत येईपर्यंत मला घाम फुटला होता. हे जमलं नाही तर आख्ख्या मानवतला कळणार होतं, की उस्तादांचं दुकान आता खरंच संपलं. ट्रक गावातूनच जाणार होता ना, गाडी पाठीवर घेऊन.

यांच्या सांगण्यावरून मी कामाला लागले. आमच्या धंद्यात चांगलं म्हणजे मजबूत. ट्रॅक्टरच्या सीटवर माणूस बसतो, खताची पोती बसतात, एखादी शेळीसुद्धा बसते. यांनी आयुष्यभर तेच केलं. म्हणून जाड प्लायवूड आलं, त्यावर फोम, त्यावर ट्रॅक्टरला लावतो ते दणकट रेक्झीन, काठाला दुहेरी शिलाई. हे खुर्चीवरून बोटाने ठोकून बघायचे आणि मान हलवायचे, "हां! आता वाजतंय बराबर." मापाचं पण तसंच. "एक बाजू काढ अन् तीच उलटी कर, झाली दुसरी," हे म्हणाले. ट्रॅक्टरला चालतं ते.

बुधवारी सकाळी आम्ही ती चार पॅनल घेऊन गोदामात गेलो. डावं दार बंद झालं, पण खांदा लावून. उजवं झालंच नाही.  एक पॅनल हातात घेऊन बाईंनी नुसतं वरखाली केलं, तान्ह्या लेकराचा अंदाज घ्यावा तसं. मग शेजारच्या आडतीवर धान्याचा काटा होता तिथं घेऊन गेल्या. चार पॅनल, साडेबारा किलो. त्यांची जुनी चार मिळून जेमतेम तीन किलो होती.

"उस्ताद," बाई हळूच म्हणाल्या, "काम लई सुंदर आहे. पण हे घालून माझी गाडी ट्रॅक्टर होईल हो."

आडतीवरचे हमाल हसले. बाई वाईट हेतूने बोलल्या नव्हत्या, पण यांचा चेहरा मला बघवेना. कपाळ माझं! वजनाचं बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. दोन कान असून मी ते ऐकलं नाही, कारण सव्वीस वर्षं मी फक्त यांचंच ऐकत आले होते.

चूक कुठं झाली ते मला त्या काट्यापाशीच कळलं, आणि त्याला कारण माझी आई. माझं माहेर सोनपेठचं. माझी आई पोळ्यासाठी बैलांच्या झुली शिवायची. लोक म्हणायचे, दोन झुली सारख्या मापाच्या करून टाक. ती भडकायची. "बैल काय कारखान्यात ओतल्यात का?" वर्षानुवर्षं एकाच अंगाला जुंपलेल्या बैलाचा एक खांदा भरलेला असतो, पोट एका बाजूला ओघळलेलं असतं. ती बैलाच्या अंगावर मांजरपाटाचं कापड टाकायची, उभ्या बैलावरच खडूने रेघा ओढायची, डावी बाजू वेगळी आणि उजवी वेगळी. तिने टेप कधी वापरला नाही. तिची झूल पळत्या बैलावरसुद्धा सरकायची नाही. अन् हलकी इतकी, की बैलाला कळायचं नाही अंगावर काही आहे म्हणून.

दुकानात येऊन मी यांना म्हणलं, "मी झुलीसारखं माप घेते. लाकूड न्हाई, फोम न्हाई. पातळ पत्रा घेते, वरून पातळ रेक्झीन."

हे एकदम उसळले. "गाडी हाय का बैल? अन् पत्र्याला कापड चिकटवून देणार? लोक थुंकतील माझ्या दुकानावर! माझ्या दुकानात असलं काम व्हणार न्हाई."

"दुकान माझं बी हाय," मी म्हणलं.

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा बोलले ते. बोलून मीच दचकले. यांनी तोंड रस्त्याकडं फिरवलं आणि चहा दिला तो तसाच गार होऊ दिला. होऊ द्या म्हणलं. मी मांजरपाट काखेत मारला, खडू घेतला आणि पदर खोचून गोदामात गेले.

बाईंनी आधी विचारलं, "उस्ताद नाही आले?" मी म्हणलं, "मी आले की!" मग त्यांनी जास्त काही विचारलं नाही. दवाखान्यात पेशंट बसले होते, त्या गेल्या. मी त्या इवल्याशा गाडीत घुसले. आत बसून दाराला मांजरपाट चिकटवला आणि बोटाने दाबत दाबत प्रत्येक नळी, प्रत्येक कोपरा चाचपून खडू ओढला. आईच्या हाताखाली बैलाचं दावं धरून उभी राहायची तेव्हा हेच बघितलं होतं. डावं दार उजव्यापेक्षा दोन बोटं लांब निघालं! पायाजवळची उजवी बाजू तर वरून सरळ आणि खालून पोटासारखी फुगीर. बैल आणि ही गाडी, दोघांची हाडं सारखीच वाकडी. मला एकटीलाच हसू आलं.

कापडावरचा आकार बाईंच्या औषधाच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यावर उतरवला, पुठ्ठ्यावरून ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर. पेट्या बनवणाऱ्याकडून पत्रा आणला आणि त्याचीच कातर मागून घेतली. माझीच दोन बोटं कापली. पत्र्याच्या कडा कानशीने घासल्या, नाहीतर बाईंचे पाय कापायचे.

पत्रा बसवायचं मोठं कोडं होतं. फायबरला नवीन भोक पाडलं की तडा जातो, म्हणून गाडीच्या अंगातून आधीच बाहेर आलेल्या छोट्या बोल्टांवरच पॅनल बसवायची. बोल्टाची जागा पत्र्यावर नेमकी कशी काढायची? टेपने मोजलं तर सुताचा फरक पडायचाच. मी घरी गेले, कुंकवाचा करंडा घेऊन आले. पाण्याचा थेंब टाकून कुंकू कालवलं, प्रत्येक बोल्टाच्या टोकाला लावलं आणि पत्रा आतून दाबला. उचलून बघते तर पत्र्याच्या पाठीवर लाल ठिपके, एकेक जागेवर! बरोब्बर तिथंच भोकं पाडली. तेवढ्यात बाई आल्या. बोल्टांना कुंकू बघून म्हणाल्या, "वहिनी, पूजा चालली आहे का?" मी म्हणलं, "तसंच समजा."

गुरुवारी दुपारी, काठाला शिलाई मारून झाल्यावर, रेक्झीन दुकानाच्या छपरावर उन्हात टाकलं. दहा मिनिटांत ते असं मऊ झालं की पुरणाच्या पोळीसारखं कुठंही वळावं. आपल्या उन्हाने बाईंची पॅनल वाकडी केली होती. त्याच उन्हाला मी कामाला लावलं. चिकटवायचं सोल्युशन पत्रा आणि रेक्झीन दोन्हीला लावून बोटाला चिकटेनासं होईपर्यंत वाळू दिलं, मग एका बाजूने बसवत बसवत नेलं. एक सुरकुती नाही. हे खुर्चीवर पाठ करून बसलेले, पण कान माझ्याकडंच होते ते मला कळत होतं. सव्वीस वर्षांचा संसार आहे, तेवढं कळतं.

शुक्रवारी सकाळी मी यांना म्हणलं, "चला. तुमच्याशिवाय मी पॅनल बसवणार न्हाई."

"माझं काय काम तिथं?"

"बसा मग इथं. उद्या ट्रक गेला की मला सांगा."

हे काठी घेऊन उठले. 

गोदामात मी चारही पॅनल बोल्टांवर चढवली. चारही बसली. डावं दार एका बोटाने बंद झालं, उजवं पण. फट नावाला नाही! काळं रेक्झीन, काठाला माझी बारीक पांढरी शिलाई. बाई तोंडावर हात ठेवून उभ्या. मला वाटलं, जिंकलं! बाईंनी गाडी चालू केली, आणि सगळं गोदाम झणझणायला लागलं. पातळ पत्रा तो, इंजिनाबरोबर थरथरत होता. माझ्या तोंडचं पाणी पळालं. बाईंनी गाडी बंद केली आणि घड्याळाकडं बघितलं.

"पत्रा बोलायलाय," मागून हे म्हणाले.

मी काही बोलायच्या आत यांनी काठी भिंतीला टेकवली आणि गाडीच्या कडेला खाली बसले. "म्याडम, पुन्हा चालू करा." इंजिन चालू झालं तसं हे एकेका पॅनलवर तळहात फिरवत गेले, डोळे मिटून. मिटले काय आणि उघडे काय! एका जागी हात थांबला. "हितं." मग दुसऱ्या. "हितं. अन् हितं खाली. चार जागी बोलतंय, बाकीचं गप हाय. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या लाव मागून, बोटाएवढ्या. जास्त नको, वजन व्हईल."

जास्त नको, वजन व्हईल! हे बोलणारा माणूस कोण, तर ज्याने साडेबारा किलो केलं तो! मला एवढं हसू आलं, आणि डोळ्यात पाणी पण आलं. मी पॅनल काढली, ट्यूब कापून चार जागी पट्ट्या लावल्या, पुन्हा चढवली. बाईंनी गाडी चालू केली. नुसतं इंजिन ऐकू येत होतं.

पॅनल पुन्हा चढवायच्या आधी बाईंनी काट्यावर नेली होती, ते सांगायचं राहिलं. ट्यूबसकट दोन किलो सातशे. कंपनीच्यापेक्षा हलकी! आडतीवरचे तेच हमाल बघत होते. मी मुद्दाम मोठ्याने आकडा वाचला. वाचू नको तर काय करू?

बाईंनी फोन काढून ट्रकवाल्याला सांगितलं, "उद्या येऊ नका." मग यांना म्हणाल्या, "उस्ताद, बसा शेजारी. एक चक्कर." यांना आत बसवताना निम्मी कसरत झाली. गाडी इतकी खाली, की बसणं म्हणजे जमिनीवर मांडी घालणंच. बाईंनी जिनिंगच्या आवारात दोन फेऱ्या मारल्या, आणि दुसऱ्या फेरीला अशी पळवली की मी देवाला हात जोडले. गाडी थांबली तरी हे उतरेनात. दाराच्या पॅनलवर हात फिरवत बसले. कोपऱ्यात, काठावर, शिलाईवरून बोट नेत. माझं काळीज धडधडत होतं. सासरी पहिल्यांदा भाकरी केली होती तेव्हासुद्धा एवढं धडधडलं नव्हतं.

"हे मला जमलं नसतं," यांनी सांगितलं. बाईंना नाही, मला. "माझे डोळे असते तरी जमलं नसतं."

मी "चला आता, चहा गार व्हतो," म्हणलं. चहा तिथं कुठंच नव्हता.

त्या गाडीत आज बसलं तर काळं रेक्झीन दिसतं आणि पांढरी शिलाई. पाठीमागं बोल्टांना माझं कुंकू अजून असेल. पुण्यातल्या कुणीतरी ते काम बघून विचारलं म्हणे, कुठं केलं? बाईंनी मानवत सांगितलं तर त्याला ते कुठं आहे तेच माहीत नव्हतं. आता झालं माहीत.

पण मला सांगायचं आहे ते त्या शुक्रवारनंतरच्या सोमवारचं. मी मशीनवर बसले होते, हे खुर्चीवर. रामेटाकळीच्या बाजूचा एक शेतकरी नवा ट्रॅक्टर घेऊन दुकानापुढं थांबला. उतरला आणि नेहमीचंच विचारलं, "उस्ताद कुठायत? हूडचं माप घ्यायचंय."

माझे हात थांबले. हे आता "मीच" म्हणणार, मग उठणार, चाचपडणार, आणि तो "येतो नंतर" म्हणणार. वर्षभर तेच बघत आले होते.

हे खुर्चीवरून उठले नाहीत. काठीने माझ्याकडं दाखवलं.

"त्या काय, मशीनवर बसल्यात," हे म्हणाले. "उस्ताद त्या हायत. माप त्याच घेत्यात."

आजवर मला "अगं" आणि "ए" याशिवाय हाक न मारलेला माणूस, "त्या" म्हणाला. तो शेतकरी माझ्याकडं बघून जरा घोटाळला, मग टोपी सरळ करून म्हणाला, "नमस्कार उस्ताद. बघता का जरा?"

मी टेप टेबलावरच राहू दिला. मांजरपाट आणि खडू घेतला, आणि ट्रॅक्टरकडं गेले.